जुन्या गुऱ्हाळाचा जीर्णोद्धार
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मंडळाच्या जागेतील जुने गुऱ्हाळ पाडून तेथे मंगल कार्यालय बांधावे, की त्याचा जीर्णोद्धार करावा, हा प्रश्न आज सभेपुढे आहे. कार्यालयाच्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांस साहाय्य होईल, हे आम्ही नाकारीत नाही. तरीही ती वास्तू राखावी, असेच आमचे नम्र मत आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या मुलखात १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. जिराइती रानात ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे पेटली आणि बारामतीची गुळाची पेठ नावारूपास आली. पुढे शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढून वालचंदनगर वसविले. १९५० नंतरच्या दशकात माळेगाव व भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. त्यांच्या धुराड्यांपुढे गुऱ्हाळाची छपरी लहान दिसते. परंतु त्यांच्या आधी येथील उसास आधार तिचाच होता.

जपानमधील तोमिओका येथे १८७२ मध्ये उभारलेली रेशमाची गिरणी १९८७ मध्ये बंद पडली. मालक कंपनीने ती पाडली नाही. अनेक वर्षे तिची निगा राखून २००५ मध्ये नगरपालिकेच्या स्वाधीन केली. २०१४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. कीर्ती मागाहून आली. निगा आधी राखावी लागली.

मात्र भिंतींस रंग दिल्याने जीर्णोद्धार होत नाही. चरक, काहील व चुलवाण दुरुस्त करून हंगामात काही दिवस तरी तेथे रस आटला पाहिजे. भेंडीच्या पाण्याने मळी कशी काढावी, पाक केव्हा उतरवावा, हे नजरेने ओळखणारा गुळव्या आता क्वचितच आढळतो. त्याचे ज्ञान आधी लिहून घ्यावे. ऊस तोडणारे, चुलवाणात चिपाडे घालणारे, मोळ्या वाहणाऱ्या स्त्रिया, यांतील पुष्कळजण इतर ज्ञातींचे होते. भिंतींवर केवळ आपल्याच पूर्वजांच्या तसबिरी लागल्या, तर तो वारसा अर्धाच राहील.

शिष्यवृत्ती निधीस हात न लावता हे कार्य व्हावे. प्रत्येक कुटुंबाने यथाशक्ती वर्गणी द्यावी. ते न जमल्यास घरातील एखादी जुनी हिशेबवही, छायाचित्र वा वडीलधाऱ्यांची आठवण द्यावी. तेही दानच होय.