पिशवी नसलेल्या डोळ्यात भिंग





मुंबई-पुण्याच्या मध्यावर म्हणून परिषदा लोणावळ्यात भरतात. आजच्या परिषदेचा विषय मात्र या मावळ तालुक्याचाच आहे. पवन मावळात, नाणे मावळात, आंदर मावळात कुणाला बैलाचे शिंग लागते, लाकूड फोडताना कुणाच्या डोळ्यावर ढलपी उडते. डोळ्यातले भिंग निसटते, त्याच्या पिशवीचा आधारही जातो. मग नवे भिंग टेकवायचे कशावर?

हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या पाठीमागे लागला आहे. नेदरलँड्सच्या यान वर्स्ट यांनी भिंग आयरिसला चिमट्यासारखे पकडवले (आयरिस-क्लॉ), अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी ती पद्धत भारतात रुजवली. पुढे भिंग प्रोलीनच्या धाग्याने स्क्लेराला टाचू लागलो. १०-० चा तो धागा काही वर्षांनी झिजून तुटू शकतो आणि भिंग पुन्हा लोंबकळते. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये भिंगाचे हॅप्टिक, म्हणजे त्याचे बारीक पाय, स्क्लेराच्या झडपांखाली फायब्रिन ग्लूने बसवले. जपानच्या शिन यामाने यांनी ग्लूही काढून टाकला: दोन बारीक सुयांतून हॅप्टिक बाहेर घ्यायचे, टोक तापवून गोळी करायची, ती स्क्लेरात दडवायची.

माझे स्पष्ट मत आहे की तिशीतल्या शेतकऱ्याला धाग्यावर सोडू नये. त्याच्यापुढे चाळीस वर्षे आहेत आणि पेरणीच्या दिवसांत तो तपासणीला येणार नाही. आणि सत्तरीच्या आजींच्या डोळ्यात आयरिस धड असेल, तर आयरिस-क्लॉला जुनाट म्हणून नाक मुरडू नये. शस्त्रक्रिया लवकर आटोपते, तेच त्या वयात मोलाचे असते. यामाने पद्धत दिसायला सोपी आहे. पण दोन्ही सुया नेमक्या समोरासमोर, सारख्या कोनात शिरल्या नाहीत तर भिंग तिरके बसते. तरुण सहकाऱ्यांना कळकळीने सांगतो, विट्रियस नीट काढल्याशिवाय हॅप्टिकला हात लावू नका; विट्रियसच्या ओढीने पडदा फाटतो.

म्हणूनच पहिले सत्र फसलेल्या शस्त्रक्रियांचे ठेवले आहे: तिरकी भिंगे, कंजंक्टिव्हातून उघडी पडलेली हॅप्टिक, सुटलेले टाके. आपापल्या चित्रफिती घेऊन आलेल्या सर्वांचे विशेष आभार. दुपारी शेजारच्या दालनात बकऱ्याच्या डोळ्यांवर सराव आहे. तिथे आधी तालुक्याच्या गावी काम करणाऱ्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसू द्यावे, एवढी विनंती करतो आणि अध्यक्षांच्या हाती सूत्रे देतो.