रिकामा दिवस कोणाच्या मालकीचा?



वसंत व्याख्यानमाला म्हणजे गंभीर विषयांचे माहेर. इतिहास, अध्यात्म, शेतीचे प्रश्न असे विषय ऐकण्याची आपल्या कानांना सवय आहे. अशा ठिकाणी 'सुटीच्या दिवशी घरी बसून जपानी चित्रकथा पाहणे आणि व्हिडिओ गेम खेळणे' हा विषय घेऊन उभे राहायचे म्हणजे थोडा धीटपणाच म्हणायचा. मी विषय सांगितला तेव्हा व्याख्यानमालेचे चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे त्याच्या विरोधात ना?" मी म्हणालो, "पुरता विरोधात नाही." तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटली, ती मला समोर बसलेल्या पुष्कळ आईबापांच्या चेहऱ्यावर आत्ताही दिसते आहे.

ही काळजी मी थट्टेवारी नेणार नाही. आपल्या कंधारात उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. किल्ल्याच्या तटाचे दगड तापून निघतात, बाजाराचा रस्ता ओस पडतो. अशा रविवारी लेकरू खोलीत पडद्यासमोर बसते ते दिवे लागेपर्यंत उठत नाही. बाप म्हणतो, दिवस वाया गेला. लेकरू म्हणते, दिवस मजेत गेला. दोघेही एकाच दिवसाबद्दल बोलत असतात. तेव्हा मी स्वतःला असा प्रश्न घातला की, हा दिवस मुळात आहे तरी कोणाचा? आज मी आपल्यापुढे तेवढ्याच प्रश्नाचा विचार मांडणार आहे.

प्रथम आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनातला एक गैरसमज दूर करू. ही जपानी हलती चित्रे, ज्यांना मुले 'ॲनिमे' म्हणतात, ती काल-परवा परदेशातून आलेली पीडा नव्हे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागत असे. गल्लीतली सगळी पोरे एका घरात जमत आणि गुलजारांनी लिहिलेले तिचे गीत त्या पिढीला अजून पाठ आहे. ती मालिका जपानात तयार झाली होती. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने गोष्ट लिहिली मध्यप्रांतातल्या सिवनीच्या रानाची, ती काढली जपानी चित्रकारांनी आणि आपण ती हिंदीत पाहिली. आज जे बाप मुलांवर चिडतात, त्यांतले पुष्कळजण त्या पडद्यासमोर मांडी घालून बसलेले होते. रामायणावरचा युगो साको आणि राम मोहन यांचा चित्रपटही जपानी आणि भारतीय कलावंतांनी मिळून केलेला. तो जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत नव्याने लागला. आणि निर्जीव वस्तूला पडद्यावर चालवण्याची हौस तर आपल्या घरचीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच काड्यापेटीतल्या काड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' नावाचा लघुपट केला होता.

तेव्हा वस्तू परकी नाही. मग राग कशाचा? राग आहे रिकामेपणाचा. आपल्या घरांत रिकामे बसलेले माणूस पाहवत नाही. मराठवाड्याची जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. येथे आपल्या वाडवडिलांनी कष्टाखेरीज दुसरे भांडवल पाहिलेले नाही. शेतकऱ्याला रविवार नाही, शेतमजुराला तर नाहीच. त्यामुळे नातू दिवसभर लोळताना दिसला की आजोबांच्या पोटात कालवते. हे मला समजते. परंतु सुटीचा दिवस ही चैन नव्हे, ती कष्टकऱ्यांनी झगडून मिळवलेली वस्तू आहे, हेही आपण विसरू नये. मुंबईच्या गिरण्यांतले कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत खपत आणि त्यांना आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले. आणि १० जून १८९० रोजी गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. रविवार हा तर खंडोबाचा वार, आणि माळेगावच्या खंडोबाची यात्रा आपल्याच शेजारी भरते. त्या यात्रेला जाताना 'दिवस वाया घालवतो' असे कोणी म्हणत नाही. ज्या दिवसासाठी माणसे इतकी वर्षे झगडली, तो दिवस लाजत लाजत घालवावा, हे मला पटत नाही. म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, रिकामा दिवस लाजेच्या मालकीचा नाही.

आता मी स्वतःचा एक रविवार सांगतो. गेल्या उन्हाळ्यात माझा नातू म्हणाला, "आजोबा, नुसते ओरडता, एकदा माझ्याबरोबर पूर्ण दिवस बसून तर बघा!" मी बसलो. त्याने मला हायाओ मियाझाकी यांचा १९८८ सालचा 'माय नेबर टोटोरो' दाखवला. दोन बहिणी, थोरली सात्सुकी आणि धाकटी मेई, वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात. आई इस्पितळात आहे. जवळच्या रानात टोटोरो नावाचा एक अगडबंब, केसाळ, भला प्राणी राहतो. चित्रपटात खलनायक नाही, मारामारी नाही. एका प्रसंगी दोघी बहिणी पावसात बसच्या थांब्यावर वडिलांची वाट पाहत उभ्या आहेत. धाकटी पेंगते, थोरली तिला पाठुंगळी घेते. बस येत नाही. पाऊस पडत राहतो. शेजारी तो प्राणी डोक्यावर पान धरून येऊन उभा राहतो. बस्स, एवढेच. मी वाट पाहत होतो की आता काही घडेल. आणि काही न घडताच माझे डोळे भरून आले.

पुढे मला कळले की, ही मोकळी जागा मियाझाकी मुद्दाम ठेवतात. २००२ साली अमेरिकेतले चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांच्याशी बोलताना त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि सांगितले की, दोन टाळ्यांच्या मध्ये जी जागा असते तिला जपानी भाषेत 'मा' म्हणतात. आपल्याला हे शिकायला जपानात जायला नको. आपल्या त्रितालात नवव्या मात्रेवर 'खाली' येते. तेथे हात टाळी देत नाही, नुसता हवेत फिरतो. पण ती खाली काढून टाकली तर ताल उरत नाही, नुसती बडवाबडवी उरते. आठवड्यातला रिकामा दिवस हा असा आयुष्याच्या तालातली खाली आहे.

परंतु श्रोतेहो, दुपारी नातवाने मोबाइल हाती घेतला आणि माझे मत डळमळू लागले. खेळाला माझा विरोध नाही. आपण सारीपाट खेळलो, सावंतवाडीचे गंजिफे आपल्या कलेचे भूषण आहेत. ज्या निन्टेन्डो कंपनीचा उड्या मारणारा मारिओ तुमच्या मुलांनी खेळवला, तीही १८८९ साली क्योटो शहरात फुलांच्या चित्रांचे पत्ते तयार करण्यासाठीच निघाली. म्हणजे लोखंड्यांच्या रविवारच्या आदल्याच वर्षी! पुण्याच्या तरुणांनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ केला. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत फिरते. गोष्ट सुरू होते, वाढते, संपते. सारीपाटातही सोंगट्या घरी गेल्या की डाव संपतो. खेळाला शेवट असणे हा खेळाचा प्रामाणिकपणा आहे.

नातवाच्या हातातला खेळ मात्र संपत नव्हता. मी विचारले, "हा कधी संपतो?" तो हसला. म्हणाला, "हा संपत नसतो, आजोबा." त्याने मला त्याची रीत समजावून सांगितली. रोज खेळ उघडला तर रोज बक्षीस. एक दिवस चुकला तर साखळी तुटली, मागचे सगळे पाण्यात. शिवाय पेट्या असतात. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते ठाऊक नाही. जपानात यंत्रात नाणे टाकून, दांडा फिरवून डबीतले खेळणे काढतात, त्यावरून या प्रकाराला 'गाचा' हे नाव पडले. मी म्हणालो, "चल, अंगणात बसू." तो म्हणाला, "थांबा, आजचे राहिले आहे." 'आजचे राहिले आहे' हे शब्द मी कारकुनाच्या तोंडून ऐकले आहेत, सालगड्याच्या तोंडून ऐकले आहेत. सुटीच्या दिवशी खेळणाऱ्या मुलाच्या तोंडून ते ऐकले, तेव्हा मला कळले की, हा दिवस त्याचा राहिलेला नाही. त्याला न दिसणाऱ्या कोणा मालकाकडे तो रोजावर लागला आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे बरे झाले. परंतु वेळ लावून खेळायच्या जुगाराला कोणता कायदा आवरणार? तेथे पारख आपणच केली पाहिजे. ती पारख सोपी आहे: मनात आले की उठता येते का? उठता येत असेल तर ती विश्रांती. येत नसेल तर ती चाकरी, मग ती कितीही रंगीत असो.

चार वाजता वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. नातू चडफडला आणि मी मनातून खूश झालो. त्या शांततेत मला स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज ऐकू आला, आणि माझी खुशी तेथेच ओसरली. सूनबाई सकाळपासून कितीदा आमच्या खोलीत येऊन गेल्या ते मी मोजू लागलो. पोहे, पाणी, जेवण, ताटे उचलणे, ताक, पुन्हा पाणी. एकूण अकरा खेपा भरल्या. त्यांतल्या तीन निव्वळ माझ्या चहाच्या होत्या. आजोबा आणि नातू दोघे मिळून विश्रांतीच्या तत्त्वज्ञानावर चर्चा करीत होते आणि त्या विश्रांतीचे बिल तिसरेच माणूस भरत होते. रविवार त्यांचाही होता. आठवडाभर त्या नोकरी करतात. त्यांना कोणी विचारले नव्हते की, तुम्हाला बसच्या थांब्यावरचा तो पाऊस पाहायचा आहे का.

हे एका घरापुरते नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घरकामात जातात असे तीत आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटे भरली ९७. आणि जे हातच लावत नाहीत, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. मग मला टोटोरोतली सात्सुकी पुन्हा आठवली. आई घरी नाही म्हणून ती शाळकरी पोर सकाळी उठून सगळ्यांचे जेवणाचे डबे भरते. मी तो प्रसंग पाहिला होता आणि 'किती गुणी मुलगी!' म्हणून पुढे गेलो होतो. ज्या घरात आई आहे, त्या घरात तर आपण एवढेही पाहत नाही.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. रिकामा दिवस लाजेचा नाही, खेळ विकणाऱ्याचाही नाही. तो घरातल्या सगळ्यांचा आहे. ज्याची विश्रांती दुसऱ्याच्या पाठीवर उभी आहे, त्याने आपली विश्रांती अजून कमावलेली नाही. मुलांना माझे सांगणे एवढेच की, खुशाल पाहा, खुशाल खेळा. पण संपणारे खेळा, आणि आपला चहा आपण करा. आईबापांना सांगणे असे की, एकदा त्यांच्या शेजारी बसा. ओरडण्याआधी काय पाहतात ते पाहा.

आमच्या घरी त्यानंतरच्या रविवारी तो चित्रपट पुन्हा लागला. दुपारचा स्वयंपाक नातवाने आणि मी केला. खिचडी खाली लागली होती, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. सूनबाई पंख्याखाली बसल्या होत्या. थांब्यावरचा तो पाऊस सुरू झाला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांना झोप लागली होती. नातू मला उठवायला सांगू लागला. मी म्हणालो, "राहू दे. आजचा दिवस त्यांचा आहे."