मार्चला पाच वर्षं होतील, हे इंग्रजीत कसं सांगाल?

आज चालू-पूर्ण भविष्यकाळ. नाव ऐकून भाग बंद करू नका, कारण हा काळ इंटरव्ह्यूत लागतो.

समजा, कासूचा एक मुलगा दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलाय. त्याला सांगायचंय, 'मार्चला मला तिथे पाच वर्षं होतील.' तो म्हणतो, 'आय विल बी वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स.' समोरच्याला काय ऐकू येतं? 'मी अजून पाच वर्षं तिथेच काम करणार आहे.' मग बाबा, इथे कशाला आलास? पाच वर्षांचा अनुभव गेला वाऱ्यावर.

बरोबर वाक्य असं: 'बाय मार्च, आय विल हॅव बीन वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स.'

हे आपल्याला सुचत का नाही? कारण मराठीत आपण कामाला भविष्यात नेतच नाही, वर्षांना नेतो. 'मला पाच वर्षं होतील.' होणार कोण? वर्षं! मी नुसता 'मला' म्हणून कोपऱ्यात. इंग्रजीत मात्र 'मी'च कर्ता आणि क्रियापद चांगलं लांबलचक. त्यामुळे शब्दाला शब्द लावत गेलात की फसलात. मराठीत 'होतील' आलं, पुढे किती काळ तेही आलं आणि मागे काम चालूच आहे, की हा काळ काढायचा.

रचना एकच: विल, हॅव, बीन आणि आयएनजीवालं क्रियापद. कर्ता 'शी' असो की 'ही', विलनंतर हॅवच, हॅज नाही. नकारात 'विल नॉट हॅव बीन', बोलताना 'वोंट हॅव बीन'. प्रश्न विचारताना विल पुढे येतं: 'हाऊ लाँग विल यू हॅव बीन वर्किंग देअर?'

आता आपल्या घरचं उदाहरण. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. त्याचे तुकडे पाडले तेही आपल्याच गावावर: पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. या रस्त्याचं काही ना काही काम 2031 पर्यंत चालूच राहिलं तर? 'बाय 2031, दे विल हॅव बीन वर्किंग ऑन धिस रोड फॉर ट्वेंटी इयर्स.' हसू नका, व्याकरण अगदी शुद्ध आहे.

यात 'बाय' म्हणजे कुठल्या क्षणी मोजायचं आणि 'फॉर' म्हणजे किती काळ. 'फॉर' गाळलंत तर वाक्य चुकत नाही, पण ऐकणारा विचारतो, 'किती दिवसांपासून?'

एक खड्डा मात्र मोठा आहे. 'गाडी कासूला येईल तोपर्यंत मी तासभर उभा असेन.' मराठीत 'येईल' आहे म्हणून आपण 'बाय द टाइम द ट्रेन विल रीच' म्हणतो. तिथे विल नको. 'बाय द टाइम द ट्रेन रीचेस कासू, आय विल हॅव बीन स्टँडिंग फॉर अ‍ॅन अवर.' दिवा-रोहा गाडीत पनवेलला चढून जागा न मिळालेल्यांनी हे पाठच करा.

आणि नग मोजायचे असतील तर हा काळ सोडा. पेणच्या कारखान्यात गणपती रंगवणारी मुलगी 'दोन महिने रंगवत असेन' म्हणेल तेव्हा 'विल हॅव बीन पेंटिंग'. 'दोनशे मूर्ती रंगवून झाल्या असतील' म्हणेल तेव्हा 'विल हॅव पेंटेड टू हंड्रेड आयडल्स'. तसंच 'नो' म्हणजे ओळखणे, माहीत असणे. त्याला आयएनजी लावत नाहीत. 'विल हॅव नोन' म्हणायचं.

जाता जाता एक गंमत. आपलं 'असेल' अंदाजालाही चालतं ना? 'आई केव्हाची वाट बघत असेल.' म्हणजे उद्या नाही, आत्ता. इंग्रजीतही अगदी तस्संच: 'शी विल हॅव बीन वेटिंग फॉर अवर्स.' इथे 'विल' आहे, पण भविष्य नाही, नुसता अंदाज. एवढ्या एका ठिकाणी मराठी माणसाला काही नवीन शिकावंच लागत नाही.