शेंगा आणि प्रकाशाचा रंग



बंगळूर शहरात दोन शेंगांचे आगमन सणासारखे साजरे होते. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या देवळाजवळ भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. पुढे थंडी पडली की बाजारात अवरेच्या शेंगांचे ढीग लागतात. महाराष्ट्रात याच पिकाला वाल म्हणतात. या दोन शेंगांच्या निमित्ताने प्रकाशाच्या रंगाविषयी थोडे बोलावे, असा माझा हेतू आहे.

वनस्पती प्रकाशावर अन्न तयार करते, हे आपण शाळेत शिकतो. परंतु प्रकाश तिला केवळ अन्न पुरवीत नाही, बातमीही देतो. अवरेला त्यातून वेळ कळते. भुईमुगाला जागा कळते.

प्रथम अवरे पाहू. कर्नाटकाच्या दक्षिण भागात ती पूर्वापार नाचणीच्या शेतात ओळी सोडून पेरली जाते. पावसाळ्यात वेल वाढतो, पण जुन्या वाणांना फुले येतात ती दिवस लहान होऊ लागल्यावरच. बंगळूर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत फक्त दीड तासाचे अंतर पडते. माणसाच्या सहसा ध्यानातही न येणारा हा फरक त्या वेलाला पुरतो.

हे रहस्य उलगडले ते तिच्याच कुळातील सोयाबीनमुळे. गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले की, सोयाबीनचा एक वाण मागेपुढे पेरला तरी जवळजवळ एकाच सुमारास फुलतो, कारण तो दिवसाची लांबी ओळखतो. पुढे असे आढळले की, खरे मोजमाप होते ते रात्रीचे. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला की झाड फसते आणि फुलत नाही. मग प्रश्न उरला, कोणत्या रंगाचा दिवा? पार्कर, हेंड्रिक्स, बॉर्थविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाचे रंग वेगवेगळे करून ते सोयाबीनच्या पानांवर सोडले. १९४६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सर्वांत प्रभावी ठरला तो लाल प्रकाश. १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवरील प्रयोगांत दिसले की, सुमारे ६६० नॅनोमीटर लांबीच्या लाल लहरींनी केलेला परिणाम सुमारे ७३० नॅनोमीटरच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गर्द लाल लहरी पुसून टाकतात. हे दोन्ही रंग ओळखणाऱ्या रंगद्रव्याला ‘फायटोक्रोम’ हे नाव मिळाले.

आता भुईमूग. त्याचे फूल जमिनीवर उमलते, पण शेंग जमिनीखाली पोसते. फळधारणा झाली की फुलाच्या तळातून आरी निघते आणि टोकाशी बीजांडे घेऊन मातीकडे झुकते. उजेडात असेतो आरी लांबत राहते, मात्र तिच्यातील गर्भाची वाढ थांबलेली असते. टोक मातीत शिरून अंधार झाला की आरीचे लांबणे संपते आणि शेंग फुगू लागते. या थांबण्यात आणि पुन्हा सुरू होण्यातही फायटोक्रोमचा हात आहे, असे संशोधनातून दिसून आले आहे. जी आरी मातीपर्यंत पोचत नाही, ती वाळून जाते. म्हणूनच आपला शेतकरी भुईमुगाला भर देतो किंवा आऱ्या सुटल्यावर पिकावरून रिकामा ड्रम फिरवितो. तो जणू गर्भाला अंधार मिळवून देत असतो.

या ज्ञानाचा उपयोग बंगळूरमध्येच झाला आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या येथील कृषी विज्ञान विद्यापीठाने ‘हेब्बाळ अवरे’ या नावाचे वाण तयार केले. त्यांतील ३ आणि ४ क्रमांकाचे वाण दिवसाच्या लांबीची वाट पाहत नाहीत. त्यामुळे अवरे वर्षात केव्हाही पिकविता येते. लहान शेतकऱ्याच्या हाती एरवीच्या महिन्यांतही पैसा येतो, हा लाभ मोठा आहे. मात्र हंगामाची वाट पाहणारे जुने वाण शेतातून गेले, तर त्यांच्या शेंगेचा तो तेलकट, उग्र सुवास आणि नाचणीच्या सोबतीने वाढण्याची सवय हीही त्यांच्याबरोबर जातील. बी पेरले नाही तर ते फार वर्षे टिकत नाही.

दुसरी गोष्ट दिव्यांची. शहर वाढते, तसे रस्त्यावरचे दिवे शेताच्या बांधाला भिडतात. अशा दिव्यालगत सोयाबीनच्या ओळी हिरव्याच राहतात आणि त्यांच्या शेंगा उशिरा पिकतात, हा अनुभव अन्यत्र आलेला आहे. लहान दिवसांवर फुलणाऱ्या जुन्या अवरेलाही हा धोका संभवतो.

तेव्हा माझ्या दोन सूचना आहेत. शेतकऱ्याने नवा वाण अवश्य लावावा, पण जुन्याची एखादी ओळ बियाण्यासाठी राखावी. आणि दिवे बसविणाऱ्यांनी शेताच्या बाजूला एक आडोसा करावा. पत्र्याचा एक तुकडा त्याला पुरेसा आहे.