पाहिले की ऐकले?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वाचनालयाच्या वतीने झालेले भाषण)



वाचनालयाच्या वतीने मी आज चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी साहित्यिक नव्हे. जिल्हा न्यायालयात कारकून म्हणून शिरलो आणि शिरस्तेदार म्हणून बाहेर पडलो. इतरांनी शपथेवर सांगितलेले जपून ठेवावे, त्यावर निशाणी क्रमांक घालावा, आणि मागतील तेव्हा काढून द्यावे, यातच माझी हयात गेली. परंतु चिटणीसांनी वाचनालयाची देवघेवीची वही माझ्यापुढे उघडून ठेवली व म्हणाले, "गेल्या दहा वर्षांत आपण एकही कादंबरी नेलेली नाही. आत्मचरित्रे, आठवणी, प्रवासाच्या हकीकती आणि खुनांचे खटले, एवढेच नेता. असे का, ते लोकांना सांगा." आरोप लेखी पुराव्यानिशी आल्यामुळे मला नाकबूल करता येईना.

कादंबरीविषयी माझ्या मनात अनादर नाही. तथापि "हे घडले आहे" एवढे तीन शब्द पुस्तकाच्या पाठीशी उभे असले म्हणजे माझ्या वाचनाचा रंगच पालटतो. पान उलटताना मी नुसता वाचक राहत नाही. समोर कोणीतरी साक्ष देत आहे आणि ती ऐकून घेणे आपल्यावर येऊन पडले आहे, असे वाटू लागते. आमच्या घरातून या आवडीला पाठिंबा आहे असे मात्र समजू नये. "तुमची ती खुनाची पुस्तके देवघराच्या कपाटात ठेवू नका," अशी सक्त ताकीद मला चाळीस वर्षांपूर्वी मिळालेली असून ती अद्याप अमलात आहे.

न्यायालयात साक्षीदार बोलू लागला की उलटतपासणीत एक प्रश्न हमखास येतो: हे तुम्ही स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे साठावे कलम याच प्रश्नावर उभे होते. डोळ्यांनी दिसण्याजोगी गोष्ट असेल तर ज्याने ती पाहिली त्यानेच येऊन सांगितली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन नवा साक्ष अधिनियम आला. कलमाचा आकडा बदलला, तत्त्व तेच राहिले. मला पुस्तके वाचण्याची हीच एक रीत ठाऊक आहे. लेखक कितीही मोठा असो, मी मनातल्या मनात त्याला पिंजऱ्यात उभा करतो आणि विचारतो, "महाराज, पाहिले की ऐकले?"

या प्रश्नाला उत्तम उतरणारा साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. घरच्या कर्जाने गांजलेला हा कोकणातला भिक्षुक १८५७ साली उत्तरेत मोठा यज्ञ होणार आहे, दक्षिणा मिळेल, एवढ्याच आशेने चुलत्याबरोबर निघाला आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडला. त्याला राजकारणाशी कर्तव्य नव्हते. म्हणूनच त्याचे डोळे मोकळे होते. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. १८५८ च्या एप्रिलात इंग्रजी फौज आत शिरल्यावर जी कत्तल आणि जी लूट झाली, ती त्याने लपत छपत, उपाशीतापाशी, स्वतःच्या जिवाची आशा सोडून पाहिली. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला खुद्द राणी भेटली. पुरुषी वेषातली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ. हा भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे झाला, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी शेंदू नये म्हणून तिने स्वतः पाणी काढले व ओंजळीने प्यायली. इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांतून राणीच्या तलवारीचे वर्णन मी पुष्कळ वाचले आहे. पण ती ओंजळ मला एका पोटार्थी भिक्षुकाने दिली. कारण विहिरीपाशी तो होता, ग्रंथकार नव्हते. उलट राणीच्या अंताची हकीकत तो सांगू लागतो, तेव्हा ती ऐकीव असल्याचे ध्यानात ठेवूनच वाचावी लागते. एकाच माणसाच्या साक्षीत दोन्ही प्रकारचे धागे असतात; ते निवडून घेणे हे वाचकाचे काम.

या पुस्तकाची आणखी एक कथा आहे. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी हे लिहिले. वैद्यांनी ते १९०७ साली, लेखकाच्या पश्चात, छापले. छापताना मजकुरावर हात फिरवला, काही गाळले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम "माझा प्रवास" वाचकांच्या हाती पडायला १९६६ साल उजाडावे लागले. ते दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केले. वैद्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. हस्तलिखित त्यांनी जाळून टाकले नाही, जपले. म्हणून तर पोतदारांना ते मिळाले. १९६६ हे साल आपण लक्षात ठेवावे; मला पुन्हा त्याकडे यावयाचे आहे.

मराठीत स्त्रियांनी लिहिलेल्या आठवणी इतक्या चांगल्या का उतरल्या, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझी समजूत अशी, की त्यांना कोणी मोठेपणा दिलेला नव्हता, त्यामुळे तो सांभाळण्याचे ओझेही नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" १९३४ पासून भागाभागाने आली. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी सगळे घर कसे गांजून गेले होते, मीठसुद्धा धुवून घेण्यापर्यंत मजल कशी गेली होती, हे ती माउली हसत हसत सांगते. बापावर राग नाही, पण बापाची गय म्हणून एक अक्षर गाळणेही नाही. रमाबाई रानड्यांचे पुस्तक १९१० चे. पंचहौद मिशनमधल्या चहाचे आणि त्यापायी माधवरावांनी घेतलेल्या प्रायश्चित्ताचे प्रकरण त्यात आहे. ज्या पतीला त्या देव मानीत, त्याची ती कोंडी त्यांनी झाकून ठेवली नाही. आणि तिसऱ्या आनंदीबाई कर्वे, आपल्या बाया कर्वे. त्यांचे "माझे पुराण" १९४४ चे. बालपणी वैधव्य, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातले शिक्षण, १८९३ मध्ये अण्णांशी पुनर्विवाह, आणि मग गावाचा बहिष्कार. जिला सोसावे लागले तीच बोलते आहे. उलटतपासणीला जागाच नाही. हे पुस्तक मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा मध्येच मिटून ठेवावे लागले. कारण पुढे येईल.

आता गुन्ह्यांच्या पुस्तकांकडे वळतो. गेल्या वर्षी आपल्या एका सन्माननीय सभासदांनी सूचना मांडली, की असली पुस्तके ज्ञातीच्या वाचनालयात शोभत नाहीत, ती काढून टाकावीत. त्यांच्या भावनेचा मी मान राखतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसे मारली गेली. ज्यांनी ती मारली ते महाविद्यालयात जाणारे तरुण होते. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी झाली. त्यांपैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात आपली हकीकत लिहिली, "येस, आय अॅम गिल्टी". न्यायालयाचा निकाल कोणी, केव्हा, कसे आणि कोणत्या कलमाखाली, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे देण्यास बांधलेला असतो. चारचौघांसारख्या घरातला मुलगा तेथवर कसा जाऊन पोहोचला, हे निकालपत्रात शोधू नये. ते अशा पुस्तकात शोधावे, आणि सावध राहून शोधावे. आरोपीची लेखणी कबुली देतानाही थोडी दया मागतच असते. शिवाय एक गोष्ट कधीही विसरू नये: मारले गेले त्यांना पुस्तक लिहिता येत नाही. या प्रकारच्या वाङ्मयातली सर्वांत महत्त्वाची साक्ष नेहमी गैरहजर असते.

परदेशात या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती ट्रुमन कपोटी या अमेरिकन लेखकाच्या "इन कोल्ड ब्लड" या ग्रंथाने. १९५९ साली कॅन्सस प्रांतातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या चार माणसांचा खून झाला, त्याची ही हकीकत. अक्षर न् अक्षर खरे असल्याचा लेखकाचा दावा होता. पुढे असे उघडकीस आले की शेवटचा, स्मशानभूमीतला हृद्य प्रसंग घडलाच नव्हता. त्याने तो रचला. मला फार वाईट वाटले. पण एक वाक्य खोटे निघाले म्हणून सारी साक्ष फेकून देण्याचा प्रघात आपल्या न्यायालयांत नाही; पाखडून दाणे ठेवावेत, भुसा उडवावा, असा आहे. मी तो ग्रंथ ठेवला. शेवटची चार पाने मात्र आता वाचीत नाही.

आणि "काढून टाका" म्हणणाऱ्या सभासदांनी एकदा लक्ष्मण गायकवाडांचे "उचल्या" घरी न्यावे. १९८७ चे हे पुस्तक, पुढील वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसांच्या आणि आपल्या मनातून रद्द झाला नाही. माझ्या टेबलावरून आरोपींची नावे हजारांनी गेली. अमक्या जमातीचा इसम, असे वाचले की निकाल काय लागणार याचा अंदाज मी सवयीने बांधीत असे, आणि तो बरोबर आला की मनात थोडे समाधानही वाटे. "उचल्या" वाचले त्या रात्री मला प्रथमच दिसले की त्या कागदाच्या पलीकडे एक घर होते, आणि पोलीस आले की त्या घरातल्या बायकापोरांना मार बसत होता. वीसएक वर्षे मी त्या कागदांवर क्रमांक घातले होते. पाहिले मात्र काहीच नव्हते.

आता आपल्या घराकडे येतो.

मी गेल्या कित्येक वर्षांच्या स्मरणिका चाळल्या. त्यांतील दिवंगतांचे अल्पपरिचय वाचले. सर्व पुरुष परोपकारी, शिस्तप्रिय व धर्मपरायण. सर्व स्त्रिया सोशिक व सुगरण. आपल्या ज्ञातीत कोणाचे कधी कोणाशी वितुष्ट आले, असे या पानांवरून दिसत नाही. मग भाऊबंदकीचे जे दावे मी कपाटात लावून ठेवले, त्यांवरची आडनावे कोणाची होती, असा प्रश्न पडतो. (हशा.) आपण हसलात, पण त्या परिचयांपैकी एक माझ्या हातचा आहे. माझ्या वडिलांचा. त्यात मी लिहिले आहे: "विधवा भगिनीचा त्यांनी आजन्म प्रतिपाळ केला." हे वाक्य खरे आहे. उलटतपासणीत टिकेल.

ती माझी आत्या. चौदाव्या वर्षी तिचे कपाळ पांढरे झाले, केस गेले, लाल आलवण आले, आणि पुढली चव्वेचाळीस वर्षे तिने आमचा स्वयंपाक केला. ती लिहीत असे हे आम्हां कोणास ठाऊक नव्हते. धाकट्या भावाच्या पाटीवरून ती अक्षरे शिकली असावी. १९६६ साली ती गेली. सामान आवरताना दुधाच्या हिशेबाची एक जाड वही निघाली. पुढून रतीब लिहिलेला. मागून, उलट्या बाजूने, तिने स्वतःचे लिहिलेले. वडिलांनी दोन पाने पाहिली, वही मिटली व मला म्हणाले, "बंबात घाल." मी वीस वर्षांचा होतो, महाविद्यालयात जात होतो, पुस्तके वाचीत होतो. मी ती घातली. एकदम पेटेना म्हणून पाने फाडून घालावी लागली, आणि फाडताना काही ओळी नजरेखालून गेल्या. तेवढ्याच आज शिल्लक आहेत.

एका ठिकाणी लिहिले होते, की आज न्हावी आला. पाऊस असल्यामुळे परसात न बसवता ओटीवर बसवले. दादाची मुले खिडकीतून पाहत होती. त्यातला एक हसला.

दादाची मुले म्हणजे आम्ही तिघे भाऊ. तो पावसाळी दिवस मला आठवतो. खिडकी आठवते, वस्तऱ्याचा आवाज आठवतो, आत्याने डोळे मिटून घेतले होते ते आठवते. हे सर्व मी स्वतः पाहिलेले आहे. हसला कोण, ते आठवत नाही. दोघे भाऊ आता हयात नाहीत, त्यामुळे विचारण्यासारखे कोणी उरले नाही. आणि जिने ते पाहून लिहून ठेवले होते, तिची साक्ष मी माझ्या हाताने नष्ट केली. वडिलांचा हुकूम होता हा बचाव मी साठ वर्षे स्वतःपुढे मांडीत आलो आहे. एखाद्या आरोपीने तो मांडला असता तर त्याला कितपत वजन मिळाले असते, हे मला नोकरीमुळे चांगले ठाऊक आहे.

बाया कर्व्यांचे पुस्तक मला सलग का वाचवत नाही, ते आता आपल्या ध्यानी आले असेल.

कार्यकारी मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यांवर अजून जुन्या वह्या, पत्रे, जमाखर्च पडून आहेत. घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि ही रद्दी आधी जाते. ती वाचनालयात आणून द्यावी. मजकूर कोणाला आवडेल न आवडेल, हे आज ठरवू नये. कुलूप लावून ठेवावे, हवे तर पंचवीस वर्षे उघडू नये. एक पोलादी कपाट माझ्या खर्चाने आजच मंडळाच्या कार्यालयात आणून ठेवले आहे.

त्यात पहिली वही मी ठेवली आहे. नवी आहे. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून डावीकडे "पाहिले" आणि उजवीकडे "ऐकले" असे लिहिले आहे, व आत्याविषयी जे काही माझ्यापाशी आहे ते त्या दोन रकान्यांत उतरवले आहे. उजवीकडचा रकाना चार पाने भरला. डावीकडे अकरा ओळी झाल्या.