कोरडी मटकी जिवंत असते काय?



आज मी आपणांस माझीच एक चूक सांगणार आहे. मी बी. ए., बी. एड.; पाचवीला विज्ञान शिकवतो ते आदल्या रात्री पुस्तक वाचून. सजीव-निर्जीवांची यादी करायला दिली होती. एका मुलीने कोरडी मटकी सजीवांत घातली. मी लाल शाईने फुली मारली. मटकी हालत नाही, खात नाही, वाढत नाही, मग सजीव कशी? ती उभी राहून म्हणाली, "सर, अम्मी भिजवून फडक्यात बांधते, मग मोड येतात. मेलेल्याला मोड कसे येतील?" वर्ग हसला. मला मात्र उत्तर सुचेना.

मग आम्ही दोन बरण्या घेतल्या. एकीत भिजवलेली मटकी, दुसरीत तेवढीच, पण उकळून गार केलेली. दोन्हींत चुन्याची निवळी भरलेले एकेक लहान झाकण ठेवून तोंडे घट्ट बंद केली. सकाळी पहिल्या बरणीतली निवळी दुधासारखी झाली होती. दुसरीतली जवळजवळ होती तशीच. मटकी श्वास घेत होती. (हे एका रात्रीतच पाहावे. उकळलेली मटकी पुढे कुजू लागते, आणि मग जंतूंचा श्वास निवळीत उतरतो.)

एक मुलगा म्हणाला, "निवळी तर मेणबत्तीनेही पांढरी होते!" खरे आहे. ज्योत वाढते, हालते, मेण खाते. परंतु ज्योतीला थांबता येत नाही. विझली की संपली. बी थांबते. वाल भिजवून त्याच्या दोन डाळी अलग करून पाहा, मध्ये इवलासा कोंब दिसेल. भरडताना तो निघून जातो, म्हणून डाळीला मोड येत नाहीत. कोरड्या बीत तो कोंब जिवंतच असतो, फक्त त्याचा श्वास अतिशय मंद चालतो. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात १९६३ ते १९६५ या काळात खजुराच्या बिया सापडल्या. त्यांतली एक २००५ साली पेरली, आणि सुमारे दोन हजार वर्षांची ती बी उगवली!

मातापित्यांना माझी विनंती आहे की, स्वयंपाकघरातली एक वाटी मुलांच्या ताब्यात द्यावी. पाणी सांडेल, वास येईल, रागावू नये. आणि मुलांनो, मी फुली मारली तर विचारा, का म्हणून.

ती फुली मी खोडली. गेल्या रमजानमध्ये इफ्तारच्या खजुराच्या चार बिया मुलांनी डब्यात मातीत लावल्या. डबा वर्गाच्या खिडकीत आहे. एकीला टोकदार पात आली आहे. उरलेल्या तीन मेल्या की थांबल्या आहेत, यावर वर्गात अजून भांडण चालू आहे.