आवळा देऊन कोहळा : ‘मोफत’ भेटवस्तूंचा बाजार आणि ग्राहक

(कारंजा (घाडगे) येथे ग्राहक प्रबोधनाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्यवहाराचे शहाणपण आपल्या पूर्वजांनी म्हणींत साठवून ठेवले आहे. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ ही त्यांपैकीच एक. आवळा देणारा उदार दिसतो. कोहळा गेल्याचे घेणाऱ्याच्या उशिरा लक्षात येते. ‘मोबाईल घ्या, इअरफोन मोफत’, ‘टीव्हीसोबत साउंडबार भेट’, ‘लॅपटॉपवर पाच हजारांची बॅग विनामूल्य’ अशा जाहिराती आज प्रत्येकाच्या हातातल्या पडद्यावर झळकतात. त्या सर्वच खोट्या असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांतील ‘मोफत’ हा शब्द तपासल्याशिवाय स्वीकारणे, हा आपल्याच कष्टाच्या पैशावरचा अन्याय ठरतो.

कारंजा तालुक्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन बाजारात जाते, कापसाची वेचणी सुरू होते, आंबिया बहाराचा संत्रा निघू लागतो. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो पैसा याच दिवसांत घरात येतो आणि ऑनलाईन विक्रीचे मोठे उत्सवही याच दिवसांत भरतात. पूर्वी टीव्ही वा फ्रिज घ्यायचा तर आर्वी, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागे. वस्तू बिघडली तर त्याच दुकानाच्या पायरीवर उभे राहून जाब विचारता येई. आज कुरिअरवाला वस्तू दारात आणून देतो, ही सोय खरीच आहे. पण विकणारा कोण, कोठला, हे घरातल्या कोणालाही ठाऊक नसते. आपल्याकडे तर पत्त्याचाही घोळ व्हायचा! वाशीम जिल्ह्यात कारंजा (लाड), वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे). नुसते ‘कारंजा’ लिहून भागत नाही, कंसातला शब्दही लिहावा लागतो. खरेदीच्या व्यवहारातही तेच सूत्र आहे. कंसातले आणि तळटीपेतले वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये.

या भेटवस्तूंचे तीन प्रकार ध्यानात घेण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार, ज्या भेटीची किंमत मूळ वस्तूतच मिसळलेली असते. समजा, एक मोबाईल १४,९९९ रुपयांना असून त्यासोबत ‘२,९९९ रुपयांचा’ इअरफोन मोफत आहे. तोच मोबाईल दुसरीकडे भेटीविना १३,९९९ रुपयांना मिळतो आणि तसाच इअरफोन बाजारात सातशे रुपयांना विकला जातो. म्हणजे ग्राहकाने सातशेच्या वस्तूला हजार रुपये मोजले आणि वर ‘तीन हजार वाचले’ असे समाधान मानले. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दर घेता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. पण इअरफोनसारख्या वस्तूवर ती किंमत किती छापायची, हे उत्पादक वा आयातदारच ठरवतो, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. म्हणून ‘अमुक हजारांची भेट’ या शब्दांना बाजारभावाचा आधार असतोच असे नाही.

दुसरा प्रकार, भेट मिळते पण अटींच्या काट्यांतून. अमुक बँकेचेच कार्ड हवे, जुना मोबाईल बदलून द्यायला हवा, नोंदणी ठरावीक मुदतीत करायला हवी, भेट वस्तूरूपाने नव्हे तर पुढच्या खरेदीच्या कूपनरूपाने मिळेल, इत्यादी. मूळ वस्तू परत केली तर भेटही परत करावी लागते किंवा तिची छापील किंमत परताव्यातून वजा होते, असेही काही योजनांच्या अटींत लिहिलेले आढळते.

तिसरा प्रकार उघड फसवणुकीचा. तेथे भेट नसतेच. एखाद्या नामवंत उद्योगाच्या वर्धापनदिनानिमित्त मोटार वा मोबाईल मोफत, असे सांगणारे दुवे व्हॉट्सअॅपवर फिरतात. २०२१ साली टाटा समूहाच्या नावाने असाच संदेश देशभर फिरला. अशी कोणतीही योजना नाही, असा खुलासा समूहाला करावा लागला. अशा दुव्यांचा रोख भेटीवर नव्हे, तर ग्राहकाची माहिती, ओटीपी आणि बँक खाते यांवर असतो. ‘भेट लागली आहे, फक्त पाठवणीचा खर्च भरा’ हे वाक्य कानी पडताच फोन ठेवावा, हे उत्तम.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ‘मोफत’ या शब्दाची फोड आपल्या कायद्याने फार पूर्वीच केली आहे. सच्चर समितीच्या शिफारशींनंतर १९८४ साली मक्तेदारीविरोधी कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संकल्पना आली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती स्वीकारली आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती कलम २ (४७) मध्ये कायम आहे. द्यायची इच्छा नसताना भेटवस्तू देऊ करणे, किंवा जिची किंमत एकूण व्यवहारात पूर्णतः वा अंशतः वसूल केलेली आहे अशी वस्तू ‘मोफत’ असल्याचा आभास निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी त्यानुसार अनुचित प्रथा ठरतात.

खुद्द सरकारच्या करखात्यानेही हे सत्य मान्य केले आहे. ७ मार्च २०१९ च्या वस्तू व सेवा कराविषयीच्या परिपत्रकात ‘एकावर एक मोफत’ या योजनेचा विचार करताना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले की, वरवर पाहता एक वस्तू फुकट दिल्यासारखी वाटते, परंतु वस्तुतः एकाच किमतीत दोन वस्तू विकलेल्या असतात. करखाते ज्या गोष्टीला फुकट म्हणत नाही, तिला ग्राहकाने तरी फुकट का म्हणावे?

जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत ‘मोफत’ या दाव्यासाठी स्वतंत्र नियम आहे. वस्तू पोहोचवण्याच्या अपरिहार्य खर्चापलीकडे ग्राहकाकडून काही घ्यायचे असेल, बांधणी वा हाताळणीचे पैसे लावायचे असतील, भेटीसाठी मूळ वस्तूचा भाव वाढवला असेल किंवा दर्जा उतरवला असेल, तर ‘मोफत’ हा शब्द वापरता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, न मागता टोपलीत वस्तू सरकवणे, अखेरच्या टप्प्यावर छुपे शुल्क उघड करणे अशा १३ क्लृप्त्यांवर बंदी आली.

हे नियम केवळ कागदावर राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्राधिकरणाने नवी मुंबईच्या नापतोल या विक्री कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल १० लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि कृत्रिम टंचाईचा आभास निर्माण करण्यासही मनाई केली. ऑगस्ट २०२५ मध्ये रॅपिडो या प्रवासी सेवेला तेवढाच दंड झाला. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर पन्नास रुपये’ अशी तिची जाहिरात होती. प्रत्यक्षात ते रोख पन्नास रुपये नव्हते, तर ‘पन्नासपर्यंत’ नाणी होती. तीही केवळ दुचाकी प्रवासासाठी आणि सात दिवसांपुरती! जाहिरातीतला शब्द मोठा आणि अटीतला शब्द बारीक, हीच ती तऱ्हा.

परंतु कायदा बाजूने असला तरी पुरावा लागतो, हे सांगणारे एक प्रकरण आवर्जून लक्षात ठेवावे. २००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’च्या काळात दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांसाठी एक स्पर्धा होती. उत्तर पाठवण्यासाठी एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे आकारले जात. बक्षिसाची रक्कम प्रेक्षकांच्याच पैशांतून निघते, अशी तक्रार एका ग्राहक संस्थेने केली. राष्ट्रीय आयोगाने २००८ साली ती मान्य करून एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई सुनावली. मात्र २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. बक्षिसाचा पैसा एसएमएसच्या शुल्कातूनच आला, हे सिद्ध करणारा पुरावा नव्हता. तात्पर्य, संशय कितीही रास्त असला तरी न्यायासनापुढे कागदच बोलतो.

म्हणून काही पथ्ये प्रत्येक घराने पाळावीत. मागणी नोंदवण्यापूर्वी जाहिरातीचे आणि अटींचे छायाचित्र, म्हणजेच स्क्रीनशॉट, जतन करावा. तीच वस्तू भेटीविना कितीला मिळते, हे अन्यत्र आणि गावातल्या दुकानातही विचारावे. भेटवस्तूचे नाव बिलावर आहे की नाही, हे पाहावे. बिलावर नाव नसलेल्या भेटीची हमी मागणे कठीण जाते. पार्सल उघडताना चित्रफीत काढावी. विक्रेत्याचे नाव व पत्ता नोंदवून ठेवावा. तो दाखवणे संकेतस्थळावर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे.

इतके करूनही भेट आली नाही तर ‘जाऊ द्या, फुकटचेच होते’ असे म्हणून गप्प बसू नये. ते फुकटचे नव्हते, त्याचे पैसे दिलेले आहेत. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असा नियम आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथेही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बेंगळुरूची असो वा दिल्लीची, २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे कारंजाचा ग्राहक वर्ध्यात दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पैसेच लुबाडले गेले असतील तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर कळवावे.

शेवटी एक मूलभूत गोष्ट. एकटा ग्राहक दुबळा असतो, संघटित ग्राहक नसतो. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती याच जाणिवेतून. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीची कुटुंबे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवत आली आहेत. तेथे भेटवस्तू नसते आणि जाहिरातीचा झगमगाटही नसतो. असते ती वाजवी किंमत आणि चोख माल. खरी स्वस्ताई आवळ्याच्या मोहातून येत नाही, ती हिशेबातून आणि एकजुटीतून येते.

शिक्षणासाठी मोबाईल घेणारा विद्यार्थी असो वा सुगीच्या पैशातून टीव्ही आणणारे कुटुंब, यापुढे ‘मोफत’ हा शब्द दिसताच त्यांनी एकच प्रश्न विचारावा : याचे पैसे कोण देतो आहे? उत्तर मिळेपर्यंत बोट बटणाकडे जाऊ नये. एवढी शिस्त घराघरांत रुजली, तर कोहळा घरातच राहील आणि आवळा हवा असेल तेव्हा तो रास्त भावात विकतही घेता येईल.